बारवेचं पाणी

उकंडाजीच्या रुईत पाणी नव्हतं. एवढं एक वाक्य लिहायला म्हातारपण उजाडावं लागलं. साहेबाच्या हाताखालचे दिवस, भिंगातून दिसणाऱ्या गमती, कापसाची ती वेडी तेजी, हे सगळं मी आजवर पुष्कळांना रंगवून सांगितलं. ही एक हकीकत मात्र दर वेळी गाळली. कोणी विचारलंच तर विषय बदलला. साहेब विलायतेत वारले. गोविंदशेठ गेले. उकंडाजीही गेला. आता ज्याला भ्यावं असं कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो आहे. यात शौर्य काही नाही.

त्या काळी अमेरिकेत लढाई चालू होती आणि तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता. आमच्या वऱ्हाडच्या रुईवर सगळ्यांचे डोळे लागले होते. भाव इतका चढला की लोक बोंड पूर्ण फुटायची वाट पाहीनात. रुई घेऊन जाणाऱ्या गाड्यांनी रस्ते भरून गेले. भाव चढला तशी लबाडीही चढली. रुईत माती, सरकी, पाणी, काय वाटेल ते निघू लागलं. म्हणून सरकारने अमरावतीला रुई तपासायला एक साहेब पाठवला. साहेब मूळचे डॉक्टर, पण जीव सगळा झाडपाल्यात. त्यांनी सोबत मायक्रोस्कोप आणला होता. मी मुंबईच्या वैद्यकशाळेतून अर्धवट शिकून परत आलेला. मला इंग्रजी येत होतं, काच तयार करता येत होती आणि भिंगात दिसेल ते हुबेहूब काढता येत होतं. साहेबांनी मला असिस्टंट म्हणून ठेवून घेतलं. बाजारात सगळे मला भिंगवाले महाराज म्हणू लागले. मला ते आवडत होतं.

एका सकाळी रुईचे व्यापारी गोविंदशेठ यांच्या वखारीपुढे गर्दी जमली. तेल्हाऱ्याहून आलेले त्यांच्या मालाचे बोरे उतरवून ठेवले होते. हमालाने एक बोरा उसवून आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. रुई आतून गरम लागत होती. दमट होती, आंबूस वास मारत होती. आणि पांढऱ्या रुईत जागोजागी हिरवे डाग होते.

"पाणी मारलं यानं!" गोविंदशेठ ओरडले. "रुई काढून वाटेत इकली अन् वजनाले पाणी पाजलं. गाडीवाल्याइचा जुनाच धंदा हाय हा!"

हा म्हणजे उकंडाजी. बाळापूरचा गाडीवान, गाड्यांच्या तांड्याचा म्होरक्या. उंच, झुपकेदार मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. बापाच्या वेळेपासून व्यापाऱ्यांचा माल वाहत आलेला. त्याची जोडी साऱ्या रस्त्याला ओळखीची होती, चांद्या आणि कैऱ्या. त्याने आधी शेठजींचं बोलणं हसण्यावारी नेलं.

"काढलेली रुई गेली कुठं मंग, शेठजी? माह्या बैलाइनं खाल्ली का? पाहा, त्याइनं अजून तोंडं पुसली नाहीत!"

लोक हसले. गोविंदशेठ हसले नाहीत.

"अन् पाणी घालून जड केलेली गाडी वढणार कोन?" उकंडाजी म्हणाला. "तुमी वढसान का? माहेच बैल ना? मी माह्या हातानं त्याइच्या मानेवर काहून वझं घालीन?"

तेवढ्यात साहेब बाजारातल्या आमच्या तपासणीच्या तंबूतून बाहेर आले. त्यांनी डागाळलेल्या रुईचा पुंजका उचलला, उन्हात धरला आणि मला म्हणाले, "हा हिरवा रंग कुठून आला ते रंगालाच विचारू. काच तयार कर."

रंगाला विचारायचं म्हणजे काय, ते भिंगात कधी न पाहिलेल्यांसाठी सांगतो. सगळं झाड बारीक बारीक खोल्यांचं बनलेलं असतं. त्या खोल्यांना आता पेशी म्हणतात. झाड हिरवं दिसतं ते पेशींतल्या हिरव्या दाण्यांमुळे. साहेब त्यांना नुसतं हिरवे दाणे म्हणत. हल्लीच्या इंग्रजी पुस्तकांत त्यांना आणि त्यांच्या भाईबंदांना मिळून प्लास्टिड असं नाव दिलेलं आहे. हे दाणे झाडात सरसकट नसतात. पानाच्या वरच्या पातळ सालीत ते जवळजवळ नसतातच. पान ज्या भोकांतून श्वास घेतं, त्या भोकांच्या दोन ओठांत तेवढे असतात. सालीखालच्या पेशींत मात्र ते गच्च भरलेले असतात. तिथेही मधोमध तरंगत नाहीत. पेशीचा मधला भाग पाण्याने व्यापलेला असतो, म्हणून दाणे भिंतीला चिकटून बसतात. कोवळ्या देठात ते असतात. कापसाच्या कच्च्या बोंडाच्या सालीत असतात. जमिनीखालच्या मुळात हिरवे सापडत नाहीत. मिरची पिकते तेव्हा तेच दाणे लाल होतात. बटाट्यात त्यांना रंग नसतो, त्यात पीठ साठलेलं असतं. अळंबीत ते कुठल्याच रूपात नसतात. जनावरांत नसतात आणि माणसांतही नसतात.

रुईचा धागा म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेला केस. एक केस म्हणजे एकच लांबलचक पेशी. बोंड फुटलं की ती वाळते, चपटी होते आणि तिला पीळ पडतो. तिच्यात हिरवा दाणा नसतो. तेव्हा रुईत हिरवं दिसलं तर ते बाहेरून आलेलं, एवढं नक्की.

बाहेरून म्हणजे कुठून, हे दाण्याच्या आकारावरून कळतं. पानातले आणि बोंडातले दाणे गोल, मसुरीच्या डाळीसारखे, एकेका पेशीत पुष्कळ. शेवाळाची गोष्ट वेगळी. साचलेल्या पाण्यात एक शेवाळ येतं, केसासारखं बारीक आणि बुळबुळीत. त्याच्या पेशीत सुटे दाणे नसतात. आतल्या बाजूने एक हिरवी फीत वळणं घेत गेलेली असते. मनगटात ओळीने बांगड्या दिसाव्यात तशी. रुईत गोल दाणे सापडले तर पालापाचोळा आला, माल घाण आहे, पण गुन्हा नाही. फीत सापडली तर तळ्याडोहाचं पाणी आलं, आणि पाणी आपल्या पायांनी बोऱ्यात शिरत नाही.

उकंडाजीचं सगळं आयुष्य त्या दिवशी एवढ्या फरकावर येऊन ठेपलं होतं. आणि काच मी तयार करणार होतो.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. काचेवर पाण्याचा थेंब घ्यायचा, त्यात रुई ठेवायची, सुईने आणि बारीक कुंचल्याने मोकळी करायची, वर पातळ काच ठेवायची. साहेबांची त्याबाबत सक्त ताकीद होती. त्यांचा खानसामा पाणी उकळून, त्याची वाफ धरून, ते पाणी एका बाटलीत भरून ठेवत असे. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले होते, "या मुलखात प्रत्येक पाण्यात काही ना काही पोहत असतं. काचेवर घ्यायचं ते या बाटलीतलंच." मी म्हणालो होतो, "येस सर."

पण कुंचल्याचं टोक बारीक करायला तो ओठांत धरून ओढावा लागतो. चित्र काढणाऱ्या प्रत्येकाची ही सवय असते. म्हणजे खानसाम्याच्या हातचं पाणी माझ्या ओठांना लागणार. मी मुंबईला मुडदे फाडून आलो म्हणून आमच्या लोकांनी मला पंक्तीतून उठवलं होतं. मला परत पंक्तीला घ्यावं म्हणून वडिलांनी कोणाकोणाचे पाय धरले ते मी पाहिलं होतं. प्रायश्चित्त मी घेतलंच, पण पाय त्यांनी धरले. त्यानंतर पाण्याच्या बाबतीत मी फार जपत असे. देवळामागे एक बारव होती, पायऱ्यांची जुनी विहीर. सकाळी तिथे अंघोळ करून मी माझा पितळेचा तांब्या भरून आणत असे. सोवळ्याच्या फडक्याने पाणी गाळून घेत असे. तो तांब्या तंबूच्या मागे झाकलेला असायचा आणि काचेवरचा थेंब त्यातला असायचा. बाटलीतलं पाणी मी थोडंथोडं जमिनीवर ओतून टाकी, म्हणजे साहेबांना वाटावं की ते वापरात आहे. याचं मला कधी काही वाटलं नाही. स्वच्छ पाणी होतं. मी रोज तेच पीत होतो.

त्या दिवशीही काच तशीच तयार झाली. भिंगाला डोळा लावला. पिळाचे धागे दिसले. धाग्यांत अडकलेले फाटके तुकडे दिसले आणि त्यांत गोल दाणे, पुष्कळ. एका तुकड्यात श्वासाच्या भोकाचे ते दोन ओठही स्पष्ट होते. मी काच जरा सरकवली, आणि फीत आली.

अशी फीत मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. काचेच्या नळीत कोणी हिरवं रेशीम गुंडाळून ठेवावं तशी. कडा नाजूक दातऱ्या. रंग इतका ताजा की पाहत राहावं. तेल्हाऱ्यापासून अमरावतीपर्यंत बोऱ्यात दाबलेलं, उबलेलं शेवाळ इतकं टवटवीत राहील कसं, हा प्रश्न शिकलेल्या माणसाला तिथेच पडायला हवा होता. मला फक्त ती सुंदर दिसली.

"सर, हे पाहा."

साहेबांनी पाहिलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाले, "ब्यूटिफुल." मी दुसरी काच केली, तिसरी केली. एकीत काही नव्हतं, एकीत पुन्हा फितीचा तुकडा निघाला. मी गोल दाण्यांबद्दल बोललो. साहेब म्हणाले, "पाला सगळ्याच रुईत असतो. पाला काही सिद्ध करत नाही. ही फीत करते."

ते बाहेर आले आणि आपल्या हिंदुस्थानीत म्हणाले, "तालाब का पानी. हमने देखा."

उकंडाजीच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा पहिल्यांदा गेलं. "कोणतं तळं, साहेब?" त्याने विचारलं. "नाव तं सांगा तळ्याचं!"

साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तो नाकबूल करतो आहे, सर."

शिपायांनी त्याला कचेरीत नेलं. चांद्या आणि कैऱ्याला वखारीच्या आवारात बांधून ठेवलं. मी रुई मोकळी केलेला कुंचला धुतला, टोक ओठांत धरून नीट केलं आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या फितीचं मोठं चित्र काढायला बसलो. साहेबांना ते रिपोर्टाला जोडायचं होतं. काचेवर थेंब घेतला आणि गोविंदशेठच्या मुनीमाने बाहेरून हाक मारली. त्याच्याशी बोलून परत आलो, थेंबावर पातळ काच ठेवली आणि डोळा लावला. एकही धागा दिसेना. तेव्हा ध्यानात आलं की रुई ठेवायचीच राहिली होती. काचेवर नुसता पाण्याचा थेंब होता.

त्या थेंबात फीत होती.

काच पुसली. नवा थेंब घेतला, त्यात काही सापडलं नाही. आणखी एक घेतला, त्यात होती. मग मी उठून बारवेवर गेलो. पाण्याशी लागून असलेल्या पायरीवर हात फिरवला तर बोटांना बुळबुळीत हिरवे केस लागले. रोज त्याच पायरीवर उभं राहून मी तांब्या बुडवत होतो. फडक्यातून मासा जात नाही, पण शेवाळाच्या धाग्याचा तुटका तुकडा जातो. शेवटी बाटली घेतली आणि खानसाम्याच्या पाण्यात शेठजींची रुई मोकळी केली. काचांमागून काचा पाहिल्या. पाल्याचे तुकडे होते, कच्च्या बोंडाची साल होती, गोल दाणे होते. फीत कुठेच नव्हती. ते पाणी हाताळताना कुंचला ओठांना लावायचा नाही, एवढी काळजी मी तेव्हाही घेतली.

खटला अजून उभा राहिलेला नव्हता. रिपोर्ट गेलेला नव्हता. मी तसाच साहेबांच्या बंगल्यावर गेलो.

साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. मला पाहून खूश झाले. म्हणाले, "वरच्या साहेबांना मी तुझ्याबद्दल लिहितो आहे. इथल्या माणसाची नजर इतकी तयार असेल असं त्यांना वाटत नाही."

"सर, पाण्याबद्दल जरा बोलायचं होतं."

"पाण्याचं काय?"

"त्या काचेवरचं पाणी…"

"माझ्याच बाटलीतलं होतं ना?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. सहज विचारलं होतं. नाही म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न येणारच होता, का? आणि त्याचं उत्तर साहेबांच्या तोंडावर द्यावं लागलं असतं, की तुमच्या घरचं पाणी मला विटाळ वाटतं, म्हणून इतके दिवस मी ते मातीत ओतत आलो. नोकरी जाणार होती. वरच्या साहेबांकडची शिफारस हुकणार होती. मी खोटं बोलायचं ठरवून तिथे गेलो नव्हतो, उलट ठरवून गेलो होतो.

"येस सर," मी म्हणालो.

"मग झालं तर," साहेब म्हणाले, आणि त्यांनी बिस्किटाची बशी पुढे केली. मी नको म्हणालो.

मग उकंडाजीची बायको आली. तिचं नाव गिरजा. बाळापूरहून कोणाच्या तरी गाडीत बसून आली होती. तंबूच्या दाराशी उभी राहिली.

"भिंगवाले महाराज तुमीच का?"

"हो."

"त्याच्यात समदं दिसते म्हणतात."

"पुष्कळ दिसतं, बाई."

"मंग मले दाखवा. ज्याच्यापायी माह्या धन्याले बांधून नेलं, ते मले एकवार पाहू द्या."

तिला हाकलता आलं असतं. पण माझ्या पुढ्यातच काच तयार होती. चित्र पुरं करायला म्हणून मी तांब्यातल्या पाण्यातली फीत भिंगाखाली धरून ठेवली होती. नुसती फीत, जवळ रुईचा एक धागाही नाही. मी बाजूला झालो. तिने पदर सावरला, एक डोळा हाताने झाकला आणि वाकून पाहिलं. साहेबांइतकाच वेळ पाहिलं.

"हिरव्या बांगड्याइवानी हाय," ती म्हणाली. "लय सोभते." मग सरळ उभी राहिली. "एवढ्याशानं मानूस तुरुंगात जाते?"

मी चित्राचा कागद उलटा केला.

"तुमी शिकलेले मानूस. तुमीच सांगा, कुठलं पाणी व्हय हे?"

"ते सांगता येत नाही," मी म्हणालो. "सरकारी काम आहे."

तिने पुन्हा एकदा भिंगाकडे पाहिलं आणि निघून गेली. ज्या थेंबाने तिचा नवरा सुटला असता, तो थेंब पाहून गेली.

कचेरीत काम फार चाललं नाही. मी माझं चित्र दाखवलं आणि फीत कशात असते, कशात नसते, ते समजावून सांगितलं. जे सांगितलं त्यातला प्रत्येक शब्द शास्त्राला धरून होता. पाणी कोणतं वापरलं, हे कोणी विचारलं नाही. उकंडाजीला बोलायला सांगितलं तेव्हा तो हाकिमाकडे न पाहता माझ्याकडे वळला.

"महाराज, तुमी सोता पाह्यलं ना?"

"पाहिलं."

"रुईत पाह्यलं?"

"हो."

तो वळला. मग हाकिमाला म्हणाला, "मंग मी काय बोलू, सरकार? बामन मानूस खोटं काहून बोलीन? गाडी माही होती. रात्री मले झोप लागली असन, कोनं काय केलं ते मले ठाव नाही." एवढं बोलून तो खाली बसला. माझ्या शब्दाखातर त्याने स्वतःवरच संशय घेतला.

त्याला अकोल्याच्या तुरुंगात पाठवलं. गोविंदशेठची भरपाई म्हणून बैलजोडी लिलावात काढली. लिलावाच्या दिवशी मी आजारी असल्याचं कळवलं.

पुढच्या हंगामात साहेबांना आणखी कितीतरी ठिकाणी तसेच हिरवे डाग सापडले. गाडीत कधी न चढलेल्या, शेतकऱ्याच्या घरातल्याच रुईतही सापडले. भावाच्या घाईत लोक कच्ची बोंडं तोडत होते आणि बोऱ्यात घालून पायांनी तुडवत होते. बोंडाच्या ओल्या सालीने रुई दमट व्हायची, उबायची, आंबायची, आणि सालीतले दाणे धाग्यांना हिरवे डाग पाडायचे. साहेबांनी त्यावर चांगला रिपोर्ट लिहिला. त्यातली चित्रं माझीच होती. उकंडाजीचं नाव साहेब तोवर विसरून गेले होते. मी आठवण करून दिली नाही.

लढाई संपली, भाव कोसळला, साहेब परत गेले. त्यांच्या चिठ्ठीवर मला अकोल्याला शाळेत मास्तरकी मिळाली. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर तुरुंगाची भिंत लागत होती. मी लांबच्या वाटेने जात असे. उकंडाजी शिक्षा भोगून सुटला होता, पण व्यापारी त्याला माल देईनात. बाजारात त्याला पाण्या म्हणून हाक मारत. ती हाक मी स्वतः ऐकली आहे. "पाण्या आला रे, रुई झाका!" आणि मग सगळ्यांचं हसणं. हसवण्यात कोणाला हार न जाणारा तो माणूस खाली मान घालून निघून गेला. पुढे दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने धारणीकडच्या रानातून सागवान वाहायला लागला. तिथे ओंडका घसरून त्याचा पाय गेला, असं कानावर आलं.

शाळेत मी दर वर्षी मुलांना भिंग दाखवत असे. पानातले दाणे कुठे असतात, मुळात का दिसत नाहीत, मिरचीत कसे लाल होतात, शेवाळातली फीत कशी वळते. फीत पाहिली की मुलं खूश होत. पण त्याआधी प्रत्येकाला मी नुसत्या पाण्याचा थेंब पाहायला लावी. मुलं माझ्या पाठीमागे नक्कल करत, "काही नाही ते आधी पाहा, मग काही आहे ते पाहा!" माझ्या धंद्यातला धडा म्हणाल तर तो एवढाच. ज्या पाण्यातून पाहायचं, ते पाणी आधी पाहून घ्यावं. तो मी शेकडो मुलांना शिकवला आणि त्याची किंमत कोणी भरली, ते एकालाही सांगितलं नाही.

पेन्शन झाल्यावर एकदा मी बाळापूरला गेलो. बैलांच्या दमणीत बसल्यापासून काय बोलायचं ते घोकत होतो. किल्ल्याच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्याचं घर होतं. उकंडाजी अंगणात खाटेवर बसला होता. मिशा तशाच, बाकी माणूस आटलेला. त्याने मला लगेच ओळखलं.

"भिंगवाले महाराज! ओ गिरजे, पाह्य कोन आलं! महाराजाइले पाणी आण."

"कसं काय चाललंय, उकंडाजी?"

"चालाचं काम संपलं, महाराज. आता बसून राह्यलो." त्याने गुडघ्याखालच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं आणि हसला.

गिरजा पितळेचा तांब्या घेऊन आली. घासून लखलखीत केलेला. तिने तो माझ्यापुढे धरला आणि माझ्या तोंडून, विचार करायच्या आधी, रोजचं वाक्य निघून गेलं.

"नको, मी बाहेर पाणी घेत नाही."

"घ्या, महाराज," उकंडाजी म्हणाला. "शेवाळ नाही त्याच्यात. गाळून आणलं हाय."

तो टोमणा होता की नुसती थट्टा, ते मला आजही कळलेलं नाही. त्याच्या आवाजात राग नव्हता. मला एवढंच समजत होतं की जे बोलायला आलो ते बोलायचं असेल तर आधी हा तांब्या घ्यावा लागेल. ते पाणी न पिता त्या दुसऱ्या पाण्याबद्दल कोणत्या तोंडाने बोलणार? मी हात पुढे केला नाही.  गिरजाने वळून ते पाणी भोपळ्याच्या वेलाला घातलं.

बोलणं पावसापाण्यावर गेलं. चांद्या लिलावानंतर वर्षभरात मेला, हे त्याने सांगितलं. कैऱ्याचं काय झालं ते त्यालाही माहीत नव्हतं. मी उठलो, जोडे घातले. तेव्हा तो म्हणाला,

"एक इचारू, महाराज? मनातून जात नाही म्हणून इचारतो. ते तळं कोणतं होतं, मंग कधी कळलं का तुमाले?"

गिरजाही दारात थांबून ऐकत होती.

"नाही," मी म्हणालो.

"जाऊ द्या," उकंडाजी म्हणाला. "लय जुनी गोष्ट झाली."

त्याच वर्षी पावसाळ्यात तो गेला. गिरजा आता कुठे आहे, मला माहीत नाही.

ते तळं नव्हतं, उकंडाजी. अमरावतीच्या देवळामागची बारव होती. तांब्या माझा होता. तुझ्या रुईत पाणी नव्हतं, हे मला दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं होतं. मला माफ कर.